गोळीनं दुखणं थांबतं, हाडाचं काय?

सासूबाईंच्या उजव्या हाताचे दोन एक्स-रे आमच्या कपाटात लाइट बिलांच्या फायलीखाली पडलेले असतात. दोन्ही खिडकीशी धरले की फरक कुणालाही दिसतो, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. पहिल्यात तर्जनीच्या मुळाशी, मूठ वळल्यावर जिथे उंचवटा येतो तिथे, हाडाची कड पांढरी आणि सलग आहे. दुसऱ्यात तीच कड अंगठ्याच्या बाजूनं तुटलीय आणि तिथे एक छोटा काळा खळगा दिसतो. मधल्या बोटाच्या मुळाशी तसाच आणखी एक. मनगटातली छोटी छोटी हाडं पहिल्यात वेगवेगळी मोजता येतात, दुसऱ्यात ती एकमेकांत मिसळलेली दिसतात.

या दोन चित्रांच्या मधली वर्षं सासूबाईंनी शेंगाचटणी कुटण्यात आणि कडक भाकऱ्या थापण्यात काढली. ऑर्डरी असायच्या. हात दुखला की गोळी, गोळीनं दुखणं थांबलं की मुसळ परत हातात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दुसरा एक्स-रे काढून झालेला होता. "अगं, तेव्हा एवढं दुखतच नव्हतं," असं त्या आजही सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही. दुखत नव्हतं आणि हाड जात होतं. सासूबाईंना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आपली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उठते तो संधिवात. त्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, त्याबद्दल आज लिहिते.

मी बी.फार्म. आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे आमचं मेडिकल आहे आणि संध्याकाळी काउंटरला मी असते. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं आणि विड्या वळणाऱ्या बायकांचं. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. मला सगळ्या 'अक्का' म्हणतात, माझ्या आईच्या वयाच्यासुद्धा. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे बोटं चालली तर घर चालतं. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापानं पान कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. अंगठा आणि पहिली दोन बोटं दिवसभर तेच करतात. तेव्हा बोटं दुखणारच. "लई दुखलालंय अक्का, ती मोठी गोळी दे" हे वाक्य मी रोज ऐकते.

आता यातली सगळी दुखणी सासूबाईंसारखी नसतात, हे आधी सांगते, नाहीतर हे वाचून निम्मं सोलापूर रक्त तपासायला जाईल. कामानं होणारं दुखणं काम वाढलं की वाढतं आणि रात्री विश्रांती मिळाली की उतरतं. वयामुळे होणारी झीज बोटाच्या शेवटच्या पेरावर, नखाजवळच्या सांध्यावर बसते, तिथे टणक गाठी येतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं उलटं असतं. सकाळी उठल्यावर हात आखडलेले, मूठ वळत नाही, तास-तासभर सैल पडत नाही. बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांना सूज, ती दाबली तर मऊ लागते. बहुधा दोन्ही हातांना. नखाजवळचे सांधे सहसा सुटतात. भाकरीचं पीठ मळताना दुखतं म्हणणारी वेगळी, आणि सकाळी चहाची कपबशी धरता येत नाही म्हणणारी वेगळी. दुसरीला मी गोळी देऊन मोकळी होत नाही, सिव्हिलला जा म्हणून मागे लागते.

तर हाड कोण खातं?

हाड हे बांधून ठेवलेलं, निर्जीव काही नाही. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहा टक्के भाग दरवर्षी मोडून नव्यानं भरला जातो. भरणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, मोडणाऱ्या म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. हे दुसरं नाव कोलिकर या स्विस शरीरशास्त्रज्ञानं १८७३ साली दिलं, पण या पेशी येतात कुठून याचं उत्तर पुढची शंभर वर्षं कुणाकडे नव्हतं. हाडातच जन्मत असतील, असा पुष्कळांचा समज होता. १९७०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड वॉकर यांनी असे उंदीर घेतले ज्यांचं हाड मोडलंच जात नाही, दगडासारखं भरत जातं. असा एक उंदीर आणि एक धडधाकट उंदीर यांचं रक्त एकमेकांत वाहील अशा रीतीनं त्यांनी ते जोडले. आजारी उंदराचं हाड सुधारलं. निरोगी उंदराच्या प्लीहेतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या तरी तेच झालं. म्हणजे हाड खाणारी पेशी रक्तातून येते.

आणि रक्तातली कुठली, तर जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजच्याच घराण्यातली. मला हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्यातली गंमत कळायला सासूबाईंचा हात पाहावा लागला. ज्या पांढऱ्या पेशी आपलं रक्षण करतात त्यांचीच ही भावंडं. अनेक जणी एकत्र येतात, एकमेकींत विरघळतात आणि त्यांची एक अवाढव्य पेशी होते, अनेक केंद्रकांची. ती हाडाला चिकटते, कडेनं गोल बंद करून घेते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. तिथला पीएच साडेचारच्या आसपास उतरतो. आम्लानं हाडातलं कॅल्शियमचं क्षार विरघळतं, मग कॅथेप्सिन-के नावाचं विकर मागे उरलेलं कोलॅजन कापतं. एका जागी हे खोदकाम दोन-चार आठवडे चालतं. तोच खड्डा भरायला ऑस्टिओब्लास्टना तीन-चार महिने लागतात. हा हिशेब ध्यानात ठेवा. मोडणं झटपट, बांधणं सावकाश. खोदणाऱ्या पेशी थोड्या जरी जास्त झाल्या तरी भरणारे कायम मागेच राहणार.

म्हणून त्या किती तयार व्हाव्यात, यावर ताबा कुणाचा, हा खरा प्रश्न.

त्याचा पहिला धागा मिळाला दातांच्या किटणातून. १९७२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना डिवचायला दातांवरच्या थरातला मालमसाला वापरला. चिडलेल्या पेशी काढून टाकल्या आणि नुसतं पाणी, म्हणजे ज्या द्रवात त्या वाढल्या होत्या तो द्रव, गर्भातल्या उंदराच्या हाडांवर घातला. हाडं विरघळू लागली. पेशी हजर नव्हत्या, त्यांनी सोडलेलं काहीतरी हजर होतं. ते काहीतरी मुख्यतः इंटरल्युकिन-१ बीटा आहे, हे उकलायला १९८५ उजाडलं. पुढच्याच वर्षी टीएनएफसुद्धा हाड खायला लावतो, असं दिसलं. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला हे रेणू वापरतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. ताप आणणं, सूज आणणं, जखमेकडे पेशी बोलावणं, ही त्यांची कामं माहीत होती. ते हाडालाही आज्ञा देतात, हे नवीन होतं.

पण आज्ञेचा मूळ कागद अजून सापडायचा होता. जपानमध्ये सुदा आणि ताकाहाशी यांच्या गटानं १९८८ मध्ये दाखवलं होतं की हाड बांधणाऱ्या आणि प्लीहेतल्या पेशी एकत्र वाढवल्या तर ऑस्टिओक्लास्ट तयार होतात, मात्र दोन्ही एकमेकींना चिकटायला हव्यात. म्हणजे बांधणारीच्या अंगावर काहीतरी आहे. ते शोधण्यात एका दूध कंपनीच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे, जपानच्या स्नो ब्रँडचा. (दूध विकणाऱ्यांना हाडाची काळजी असणं तसं बरोबरच आहे. आमच्याकडे दूध संघाच्या निवडणुका होतात, प्रयोगशाळा नाही.) त्यांनी आधी ऑस्टिओक्लास्ट होऊ न देणारं एक प्रथिन वेगळं काढलं. अमेरिकेत अॅम्जेन या औषध कंपनीच्या लोकांनाही १९९७ मध्ये स्वतंत्रपणे तेच मिळालं. त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन, थोडक्यात ओपीजी. मग हे प्रथिन कुणाला धरून अडवतं, हे बघताना १९९८ मध्ये खरा हुकूम देणारा रेणू हाती लागला. आणि बघतात तर काय, रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या दोन गटांनी तोच रेणू वर्षभर आधी टी पेशींमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकारात, शोधून नाव देऊन ठेवलेला! चार प्रयोगशाळा, चार नावं. शेवटी रँक-एल हे टिकलं.

रँक-एल कसा काम करतो ते थोडक्यात. ऑस्टिओक्लास्ट होऊ घातलेल्या पेशीच्या अंगावर रँक नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो. आधी एम-सीएसएफ नावाचा दुसरा रेणू त्या पेशीला जगवतो आणि तिच्यावर रँक उगवू देतो. मग रँक-एल रँकला लागला की आत ट्राफ-६ नावाचं प्रथिन जागं होतं, त्याच्या मागून साखळी हलते आणि शेवटी एनफॅट-सी-१ नावाचा मुख्य स्विच चालू होतो. तो चालू झाला की पेशी एकमेकींत मिसळतात, आम्लाचे पंप बसतात, कॅथेप्सिन तयार होतं. ओपीजी हे सगळं सुरूच होऊ देत नाही. मालकाच्या नावानं आलेली चिठ्ठी शेजाऱ्यानं दारातच घेऊन खिशात घालावी, तसं ते रँक-एलला वाटेत धरून ठेवतं. हाडाचं बरंवाईट बऱ्याच अंशी या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. ओपीजी नसलेल्या उंदरांची हाडं ठिसूळ होतात. रँक-एल नसलेल्या उंदरांची हाडं गच्च भरतात, दात हिरडीबाहेर येत नाहीत, आणि त्यांना लसिकाग्रंथी नसतातच.

लसिकाग्रंथी म्हणजे घसा बसला की जबड्याखाली हाताला लागतात त्या. हाड खायचा हुकूम देणारा रेणू आणि त्या गाठी घडवणारा रेणू एकच. इथे मी पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवलं होतं. हाडं आणि प्रतिकारशक्ती ही दोन खाती आहेत असं आपण धरून चालतो, सिव्हिलमध्येही ओपीडी वेगळ्या असतात. शरीराला हे कुणी सांगितलेलं नाही. २००० सालापासून या सगळ्या अभ्यासाला ऑस्टिओइम्युनॉलॉजी असं एक स्वतंत्र नावही मिळालं.

आता सासूबाईंच्या तर्जनीकडे परत येऊ. निरोगी सांध्याचं आतलं अस्तर पातळ असतं. या आजारात ते फुगतं, जाड होतं आणि हाडाच्या कडेवर चढतं. त्यात मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ सोडत बसलेले असतात. टी पेशींचा एक प्रकार इंटरल्युकिन-१७ सोडतो. हे सगळे मिळून अस्तरातल्या साध्या फायब्रोब्लास्ट पेशींना रँक-एल बनवायला लावतात, आणि टी पेशी स्वतःही थोडा बनवतात. एकेकाचं काम निराळं आहे. टीएनएफ एकटा फार मोठं काही करत नाही, पण जरासा रँक-एल सोबत असला की त्याचा परिणाम कैक पटींनी वाढवतो, शिवाय रक्तात कच्च्या पेशींची भरती वाढवतो. इंटरल्युकिन-१ तयार झालेल्या ऑस्टिओक्लास्टना जास्त दिवस जगवतो आणि जास्त खायला लावतो. इंटरल्युकिन-६ यकृताकडून सीआरपी, म्हणजे अंगात दाह असल्याचं सांगणारं रक्तातलं प्रथिन, वाढवून घेतो, तेच आपल्या रिपोर्टात लाल अक्षरात येतं. आणि अस्तर जिथे हाडाला चिकटतं, कूर्चेचं पांघरूण संपतं त्या उघड्या कडेवर, खड्डा पडतो. एक्स-रेमध्ये तर्जनीच्या मुळाशी दिसतो तो हाच.

उलट बाजूनं ओढणारे रेणूही आहेत, हे मला जास्त रंजक वाटतं. इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-१०, इंटरफेरॉन गॅमा, इंटरफेरॉन बीटा, हे सगळे ऑस्टिओक्लास्ट होऊ देत नाहीत. जपानच्या ताकायानागी यांनी २००० साली दाखवलं की इंटरफेरॉन गॅमा ट्राफ-६ लाच मोडून टाकतो, म्हणजे साखळीची पहिली कडीच गळते. गंमत अशी की इंटरफेरॉन गॅमा टी पेशीच सोडतात. मग टी पेशींनी गच्च भरलेल्या सांध्यात हाड वाचायला हवं होतं ना? ते वाचत नाही, कारण त्या सांध्यात गॅमा फारच थोडा असतो आणि जोर इंटरल्युकिन-१७ वाल्यांचा असतो. २००६ मध्ये त्याच गटानं हा भेद स्पष्ट केला. टी पेशी म्हटलं की एकच जात नव्हे, कुठल्या टी पेशी जमल्यात त्यावर हाडाचं ठरतं.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. सूज आणि हाड खाणं या दोन वाटा आहेत, एकाच ठिकाणाहून फुटलेल्या, पण दोन. याचा सगळ्यात सरळ पुरावा २००१ मधला आहे. रँक-एल नसलेल्या उंदरांना मुद्दाम सांध्यांचा दाह घडवला. सांधे सुजले, लाल झाले, अगदी इतर उंदरांइतकेच. हाडाला मात्र खड्डे पडले नाहीत, कारण खोदणाऱ्या पेशी तयारच होऊ शकल्या नाहीत. माणसांतही तसंच दिसलं. रँक-एलला पकडणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना दिलं तेव्हा हाडातले खड्डे वाढायचे कमी झाले, सूज आणि दुखणं जागच्या जागी. याच्या उलटही घडतं. इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे टीएनएफ अडवणारं औषध, मेथोट्रेक्सेट या ऱ्हुमॅटॉइडच्या नेहमीच्या औषधाबरोबर दिलेल्या काही रुग्णांना स्वतःला फारसा आराम वाटला नाही, तरी त्यांच्या एक्स-रेत हाडाचं नुकसान जवळपास थांबलेलं होतं.

म्हणजे दुखण्यावरून हाडाचा अंदाज बांधता येत नाही. ना इकडून, ना तिकडून.

काउंटरवरची 'मोठी गोळी' यात कुठे बसते? डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक ही मंडळी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारे रेणू, तयार होऊ देत नाहीत. दुखणं आणि सूज त्यानं कमी होते, खरोखर होते. रँक-एलच्या गोष्टीत प्रोस्टाग्लँडिनचाही थोडा हात आहे, पण टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि १७ यांच्या कारभाराला या गोळ्या धक्का लावत नाहीत आणि ऱ्हुमॅटॉइडचे खड्डे त्यांनी थांबत नाहीत. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. गोळीशिवाय हजार विड्या होणार नाहीत आणि संध्याकाळी चूल पेटणार नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असा आव मी आणू शकत नाही. पोट आणि मूत्रपिंड सांभाळून घ्या म्हणते. फक्त तिला औषध समजू नका.

स्टिरॉइडची कथा आणखी वाकडी. 'एका पुडीत आराम' म्हणून ज्या पुड्या गावोगाव मिळतात, त्यांत पुष्कळदा तेच मिसळलेलं असतं. दोन दिवसांत सूज उतरते, भूक लागते, माणूस खूश. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेत, थोडे दिवस ते फार कामाचं आहे, पक्कं औषध लागू पडेपर्यंतचा मधला काळ त्यावरच निभतो. पण महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेतलं तर ते रँक-एल वाढवतं, ओपीजी घटवतं आणि हाड बांधणाऱ्या पेशी मारतं. सांध्यातला दाह कमी आणि मणक्याचं हाड पोकळ, असा सौदा. शिवाय एकदम बंद केलं तर वेगळाच घोटाळा. चेहरा गोल झालेली बाई पुडीचा कागद घेऊन आली की मी पुडी बंद कर असं म्हणत नाही, आजच्या आज डॉक्टरांना दाखव म्हणते.

हाड वाचवणारी औषधं वेगळी आहेत आणि ती निरोपावर काम करतात. पहिलं मेथोट्रेक्सेट. जुनं, स्वस्त, आणि आजही बहुतेकांची सुरुवात त्यानंच होते. त्यानं भागलं नाही तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं. हा मार्ग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९०च्या दशकात उघडला. मैनी जन्मानं लुधियानाचे, मला हे वाचून उगाचच बरं वाटलं होतं. तेव्हा अनेकांचं म्हणणं होतं की एवढे सायटोकाइन असताना एकाला अडवून काय होणार. या दोघांनी दाखवलं की टीएनएफ पहिल्या रांगेत आहे, तो थांबला की इंटरल्युकिन-१ आणि ६ सुद्धा खाली येतात. पुढे इंटरल्युकिन-६ चा ग्राहक अडवणारं टोसिलिझुमॅब आलं, मग पेशीच्या आतला निरोप तोडणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आल्या. २०१४ च्या डिसेंबरात अॅडालिमुमॅबची देशी आवृत्ती आपल्याकडे निघाली आणि किंमत उतरली. उतरली म्हणजे विडी कामगाराला परवडली असं नव्हे.

टीएनएफ अडवायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतातच. टीबीचे जंतू फुफ्फुसात वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचं काम हाच टीएनएफ करत असतो. तो काढला की कोंडलेले जंतू सुटतात. आपल्याकडे झोपलेला टीबी किती जणांच्या छातीत आहे, ते वेगळं सांगायला नको. म्हणून "कशाला उगाच एवढ्या तपासण्या" असं कुणी म्हणालं की मी तिथे हुज्जत घालते.

दुसरी कटकट फ्रिजची. ही इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवायची. आमच्याकडे एप्रिलात पारा बेचाळीसच्या वर, त्यात दुपारी लाइट जाते. पुण्याहून आणणारे हुतात्मा एक्स्प्रेसनं बर्फाच्या पॅकसकट थर्माकोलच्या डब्यात घेऊन येतात आणि स्टेशनवरून सरळ माझ्या फ्रिजशी. एका काकांनी बर्फात थेट खुपसून आणलं होतं, जास्त थंड ते जास्त चांगलं म्हणून. गोठलेलं इंजेक्शन फेकावं लागतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

डेनोसुमॅबबद्दल एक गोष्ट मात्र मी ओरडून सांगते. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना ते दर सहा महिन्यांनी देतात, साठ मिलिग्रॅम, कातडीखाली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्याचा धाक जातो, रँक-एल वाढतो, म्हणून ते औषध. अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालं. छान काम करतं. पण ते हाडात साठून राहत नाही. मात्रा चुकवली, लग्नसराई आहे, पुढच्या महिन्यात बघू असं केलं, तर दाबून ठेवलेल्या पेशी एकदम उसळतात आणि कमावलेलं हाड झपाट्यानं जातं. काहींचे मणके एकापाठोपाठ दबतात. बंद करायचंच असेल तर डॉक्टर त्याजागी दुसरं औषध देतात. नुसतं सोडायचं नाही. आणि दात काढायचा असेल तर आधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं कळू द्या, जबड्याच्या हाडाचा त्रास क्वचित होतो, पण होतो.

दातांचा विषय निघालाच आहे तर मिश्रीचं बोलते. आमच्या भागात सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या बायका अजून भरपूर आहेत, कारण तंबाखू घरातच असतो. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड जातं, दात हलतो आणि एक दिवस भाकरीबरोबर हातात येतो. ते हाडही जंतू खात नाहीत. किटणातले जंतू हिरडीला डिवचतात, हिरडीत जमलेल्या पांढऱ्या पेशी तेच इंटरल्युकिन-१, तोच टीएनएफ, तोच रँक-एल सोडतात, आणि त्यांच्या हुकमानं ऑस्टिओक्लास्ट येतात. १९७२ च्या त्या काचपात्रात जे झालं, तेच तोंडात चालू असतं. तंबाखूनं हिरडीचं रक्त येणं कमी होतं, त्यामुळे बाईला वाटतं मिश्रीनं हिरड्या घट्ट झाल्या. इथेही तेच, लक्षण झाकलं आणि हाड चाललंय. त्यात तंबाखूच्या धुराचा ऱ्हुमॅटॉइडशी संबंध पक्का आहे, तो होण्याची शक्यताच वाढते. विडी ओढणाऱ्या नवऱ्यांना हे सांगून बघितलं. ते हसतात.

परवा एक बाई सिव्हिलचा केसपेपर घेऊन आल्या. चाळिशीच्या असतील, कुंभारीच्या घरकुलातून येतात. सकाळी मूठ वळत नाही म्हणून मीच पाठवलं होतं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आजाराच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह, एक्स-रेत अजून काही नाही, आणि तीच वेळ औषध सुरू करायची. मेथोट्रेक्सेट लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, आणि फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. आठवड्यातून एकदाची गोळी कुणी रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून मी पट्टीवर मार्करनं वार लिहूनच देते. यकृताची आणि रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करायची, मूल होऊ द्यायचं असेल तर आधी सांगायचं, गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर घाबरून सोडायचं नाही, सगळं सांगून झालं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हे दुखायची गोळी नव्हं?"

"नाही. हे हाडासाठी. दुखायची वेगळी लिहिलीय, ती लागली तरच."

"बरं. वार कुठला लिव्हलालाव?"

"सोमवार चालेल?"

"सोमवार नको की अक्का, सिद्धेश्वराचा उपास असतोय. बुधवार लिव्ह."

लिहिलं बुधवार, मराठीत, आणि त्यांच्या मुलीनं शेजारी तेलुगूत.